मास्तरांचा मास्तर आणि उधारीची नदी

दिवस पहिला, बुधवार २७ सप्टेंबर २०२३ : टोरांटो

"अगं आई, रायर्सनचा पुतळा पाडलाय ना! आता तिथे जाऊन बघणार काय?" चहा गाळता गाळता लेकीने विचारलं. जावई मात्र माझ्या बाजूने. त्याच्या पदवीच्या कागदावर 'रायर्सन विद्यापीठ' असं छापलंय आणि त्या नावाचं विद्यापीठ आता उरलेलं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याचं 'टोरांटो मेट्रोपॉलिटन' झालं. त्याच्याकडे मेंढ्याचं चित्र असलेला एक विटका स्वेटशर्ट आहे. विद्यापीठाच्या खेळाडूंचं ते बोधचिन्ह, नाव 'एगी', एगर्टन रायर्सनमधल्या एगर्टनवरून. विद्यापीठाचं नाव गेलं तसा मेंढाही गेला, त्याच्या जागी ससाणा आला. "आई, मी आता पुराणवस्तू संग्रहालयातला," तो म्हणाला.

मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. डी.एड.ला पेस्टालॉझी आणि फ्रोबेल हे युरोपातले शिक्षणतज्ज्ञ घोकून घोकून पाठ केले, पण एगर्टन रायर्सनचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मागच्या खेपेला जावयाकडून ते पहिल्यांदा कळलं आणि मी वाचायला लागले. मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांतल्या एका पंथाचा पाद्री. स्वतः विद्यापीठाची पायरी चढलेला नाही. आणि त्याने कॅनडाच्या आजच्या ओंटारिओ प्रांतातली सगळी शाळाव्यवस्था बसवली : मास्तर घडवणारी संस्था, सगळीकडे सारखी पाठ्यपुस्तकं, तपासनीस, गावाने निवडलेली शाळा समिती आणि शेवटी मोफत शाळा. पण आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांशी त्याचं नाव जोडलं गेलं, म्हणून त्याचाच ब्राँझचा पुतळा ६ जून २०२१ ला लोकांनी पाडला, मुंडकं छाटून ओंटारिओ सरोवरात टाकलं. पुढे ते मुंडकं दूर कॅलेडोनियात, आदिवासींच्या जमीन-आंदोलनाच्या जागी, खांबावर लावलेलं दिसलं.

पोर्ट क्रेडिटहून लोकल, मग भुयारी रेल्वेने डंडास स्टेशन. (या डंडासच्या नावावरूनही इथे वाद चालू आहे. हा जुना ब्रिटिश मंत्री, गुलामांचा व्यापार बंद व्हायला त्याने खोडा घातला, हा आरोप. एकूण या भागात नावांचं काही खरं नाही.) दोन मिनिटं चाललं की गूल्ड स्ट्रीट. गाड्यांना बंदी, मुलांचे घोळके, कुणी सायकल हातात धरून सामोसा खातंय. १८८९ पासून रायर्सन जिथे उभा होता तिथे आता पुतळा नाही. एका मुलीला विचारलं तर तिने फोनवर बोलता बोलताच हनुवटीने जागा दाखवली.

मला मात्र वेगळंच बघायचं होतं आणि ते सापडलं. आतल्या चौकात हिरवळीवर एक जुनी दगडी दर्शनी भिंत एकटीच उभी आहे. पुढून बघितलं तर देवडी वाटावी, मागे गेलं तर इमारतच नाही! भिंतीच्या कमानीतून आत गेलं की जिना खाली उतरतो आणि जमिनीखाली व्यायामशाळा लागते. ही भिंत म्हणजे १८५२ च्या नॉर्मल स्कूलचा उरलेला तुकडा. बाकीची इमारत १९६३ मध्ये पाडली. 'नॉर्मल स्कूल' म्हणजे आमचं अध्यापक विद्यालय. संस्था सुरू झाली १ नोव्हेंबर १८४७ ला दुसऱ्या एका सरकारी इमारतीत, आणि पाच वर्षांनी इथे आली. शेजारी सराव पाठासाठी शाळा होती. पुरुष उमेदवार अठरा वर्षांचा हवा, बाई सोळाची चालेल. वर्गात दोघे असत, पण एकमेकांशी बोलायची मनाई होती. आमच्या डी.एड.च्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना हा नियम फार आवडला असता.

याच इमारतीत रायर्सनने संग्रहालय मांडलं होतं. युरोपातून मोठमोठ्या चित्रांच्या नकला, प्लास्टरचे पुतळे असं काय काय आणलं. खेड्यातल्या मास्तराला रोम कोण दाखवणार, मग रोमची नक्कल तरी बघू दे. हे वाचलं तेव्हा मला तो माणूस आवडून गेला, हे लपवत नाही.

भिंतीला टेकून डबा खाल्ला. जावयाने विचारलं, "पण नक्की केलं काय त्यांनी?" मग मी त्याला घरपट्टीची गोष्ट सांगितली. १८४४ मध्ये रायर्सन शिक्षणखात्याचा प्रमुख झाला आणि वर्षाहून जास्त काळ युरोपातल्या शाळा बघत हिंडला. परत येऊन १८४६ चा अहवाल लिहिला. त्यात वाचन, लेखन, गणित आहेच, पण चित्रकला, गायन, शरीरशास्त्र, शेती, नागरिकशास्त्रही आहे. तोवर शाळेत मूल पाठवायचं तर बापाने डोई फी भरायची. रायर्सनचं म्हणणं, शाळेचा खर्च गावातल्या मालमत्तेवर बसवा. मूल असो नसो, घर आहे ना, मग पट्टी भरा. 'माझी पोरं मोठी झाली, मी दुसऱ्यांच्या पोरांसाठी का भरू,' ही ओरड तिथेही झाली. १८५० च्या कायद्याने गावांना मुभा दिली, हवी तर शाळा मोफत करा. एकेक गाव करत गेलं. १८७१ मध्ये सगळ्या शाळा मोफत झाल्या आणि सात ते बारा वयाच्या मुलांना वर्षातून चार महिने हजेरी सक्तीची झाली. चारच महिने! बाकीचे आठ शेताचे. पण सुरुवात झाली. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी अमरेलीत सक्तीचं शिक्षण आणलं ते १८९३ ला.

दिवस दुसरा, गुरुवार : क्रेडिट नदी

दुपारी नातीची शाळा सुटल्यावर तिला घेऊनच निघाले. नदी घरापासून दहा मिनिटांवर. फ्रेंच व्यापारी इथल्या मिसिसॉगा आदिवासींना माल उधार द्यायचे आणि पुढच्या हंगामात कातडी घेऊन वसूल करायचे, म्हणून नदीचं नाव 'क्रेडिट'. म्हणजे उधारीची नदी. "आज्जी, म्हणजे क्रेडिट कार्ड?" नातीने विचारलं. तसंच म्हटलं.

सप्टेंबरअखेर असल्याने सामन मासे सरोवरातून नदीत वर चढत होते. हातभर लांबीचे मासे उथळ पाण्यात दगडांना घासत, शेपटीने पाणी उडवत पुढे जातात. काठावर चिनी, पंजाबी, पोर्तुगीज आजोबा गळ टाकून बसलेले. एकाने नातीला बादलीतला मासा दाखवला, ती किंचाळली, सगळे हसले.

१८२६ च्या सप्टेंबरात तेवीस वर्षांचा रायर्सन इथे आला. त्याआधीची गोष्ट मजेची आहे. बाप जोसेफ अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांकडून लढलेला, युद्ध हरल्यावर कॅनडात जमीन घेऊन राहिलेला कट्टर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा. त्याच्या घरात एकामागून एक पोरगा मेथडिस्ट व्हायला लागला. एगर्टन अठराचा असताना बापाने सांगितलं, एक तर ते लोक सोड नाही तर हे घर. पोराने घर सोडलं. पुढे पाच भाऊ मेथडिस्ट उपदेशक झाले, बाप कुणाकुणाला घालवणार? मेथडिस्ट उपदेशक म्हणजे बिनचर्चचा पाद्री. घोडा, खोगिराला दोन पिशव्या, चार आठवड्यांची फेरी आणि रस्त्यात जिथे चार माणसं भेटतील तिथे प्रवचन. सरकारमान्य अँग्लिकन चर्चचा बडा पाद्री जॉन स्ट्रॅकन याने असल्या लोकांना अडाणी आणि अमेरिकाधार्जिणे ठरवलं, तेव्हा या पोराने वर्तमानपत्रात खरमरीत उत्तर छापून आणलं. एका रात्रीत नाव झालं.

आणि नंतर या नदीकाठच्या मिसिसॉगांच्या वस्तीवर नेमणूक. तो त्यांच्याबरोबर झाडाच्या सालीच्या झोपडीत राहिला, कुदळ-कुऱ्हाड चालवली, शाळा आणि प्रार्थनाघर एकाच छपराखाली उभं केलं, त्यांची ओजिब्वे भाषा शिकला. इथेच त्याला पीटर जोन्स भेटला. जोन्सची आई मिसिसॉगा, बाप वेल्श वंशाचा भूमापक, मूळ नाव काहकेवाक्वोनाबी. दोघांची दोस्ती जन्मभर टिकली. वस्तीने रायर्सनला नाव दिलं चीचॉक, म्हणजे उडता पक्षी. सतत इकडून तिकडे, म्हणून.

इथपर्यंत माझा सूर कौतुकाचाच होता. पण 'भाषा शिकला' हे वाक्य मी नातीला सांगितलं आणि स्वतःच अडखळले. माझी पहिली नेमणूक डहाणूच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत होती. दोन वर्षं काढली. वारली बोली शिकले नाही.

वस्ती होती ती जागा आता खासगी गोल्फ क्लबात गेली आहे. फाटकाबाहेर थांबून आत बघितलं. कापलेलं गवत, पांढऱ्या छोट्या गाड्या. मिसिसॉगांनी १८४७ मध्ये ही वस्ती सोडली आणि हेगर्सविलजवळ नवं क्रेडिट वसवलं. टोरांटोची जमीन त्यांच्याकडून घेतली तेव्हाचा व्यवहार १८०५ चा, दहा शिलिंगांचा. २०१० मध्ये केंद्र सरकारने त्यापोटी साडेचौदा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. फाटकापाशी नात एकदम इंग्रजीत काहीतरी म्हणायला लागली. रोज सकाळी शाळेत भोंग्यावरून सांगतात ते : आपण मिसिसॉगांच्या कराराच्या जमिनीवर आहोत. प्रार्थनेसारखं एका सुरात. "त्याचा अर्थ काय गं?" मी विचारलं. "दॅट इट्स देअर्स," ती म्हणाली आणि पुन्हा मासे बघायला पळाली.

दिवस तिसरा, शुक्रवार : कोबर्ग

पाऊस. टोरांटोहून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटर. इथे मेथडिस्टांनी १८३६ मध्ये अप्पर कॅनडा अकॅडमी काढली. पैसे नव्हते म्हणून रायर्सन इंग्लंडला गेला, दीड वर्ष तिथल्या दारोदार झोळी फिरवली आणि राजाची सनद घेऊन आला. १८४१ मध्ये त्याचंच व्हिक्टोरिया कॉलेज झालं आणि हा बिनपदवीचा माणूस पहिला प्राचार्य. आज ते कॉलेज टोरांटो विद्यापीठात आहे. कोबर्गच्या जुन्या इमारतीत वृद्धांचं निवासस्थान आहे. खांबांची भव्य इमारत, ओलं लॉन, खिडकीत एक आजी वाचत बसलेल्या. छत्री वाऱ्याने उलटली, आम्ही गाडीत पळालो.

एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवते. अकॅडमीत मुलीही शिकत, कॉलेज झाल्यावर त्यांना बाहेर काढलं. आणि पुढे रायर्सनच्याच कारभारात ग्रामर स्कूलला, म्हणजे माध्यमिक शाळेला, अनुदान मोजताना काही काळ मुलगी म्हणजे अर्धा मुलगा धरत. पटावर पन्नास मुली असल्या तर पंचवीसचं अनुदान. जावयाला वाटलं मी थट्टा करतेय.

दिवस चौथा, शनिवार ३० सप्टेंबर : ब्रँटफर्ड

हा दिवस मुद्दाम निवडला नव्हता, सुटी म्हणून आला. पण ३० सप्टेंबर म्हणजे इथला नारिंगी शर्टाचा दिवस. १९७३ मध्ये एका आदिवासी मुलीला आजीने निवासी शाळेच्या पहिल्या दिवसासाठी नवा नारिंगी शर्ट घेतला होता, शाळेत पाऊल टाकताच तो काढून घेतला, परत दिला नाही. त्याची आठवण म्हणून आज सगळे तो रंग घालतात. नातीने शाळेतला घातलेला.

मोहॉक इन्स्टिट्यूट ही लाल विटांची मोठी इमारत. शाळा १८२८ च्या सुमारास सुरू झाली, काही वर्षांनी मुलं इथेच राहायला लागली आणि ती बंद झाली १९७० मध्ये. ही अँग्लिकनांच्या हातची, रायर्सनची नव्हे, हे आधी सांगते. मुलांनी तिला ठेवलेलं नाव 'मश होल'. मश म्हणजे पातळ लापशी, रोज तीच. डागडुजी चालू असल्याने आत जाता आलं नाही. छप्पर गळायला लागलं तेव्हा पाडायची की राखायची असा प्रश्न आला आणि जिथे मार खाल्ला ती इमारत राखा असं तिथल्याच लोकांनी ठरवलं. पुरावा आहे, म्हणाले. मागच्या बाजूच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं आहेत. आवारात सफरचंदाची बाग होती. फळं मुलांनी तोडायची, विकायला जायची, खायची नाहीत. वाटाड्या बाईंनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. वीसेक माणसं होती, कुणी काही विचारलं नाही.

मग यात रायर्सन कुठे येतो? २६ मे १८४७ चं एक पत्र आहे. आदिवासी खात्याने त्याचं मत मागवलं आणि त्याने आराखडा लिहून दिला. आदिवासी मुलांसाठी 'औद्योगिक शाळा' काढा. मुलं तिथेच राहतील. उन्हाळ्यात दिवसाला आठ ते बारा तास शेतकाम आणि दोन ते चार तास शिकणं. शिक्षण इंग्रजीत, वर धर्माची देखरेख. उद्देश, चांगले शेतकरी आणि शेतमजूर तयार करणं. सरकारने ते पत्र छापलं १८९८ मध्ये, रायर्सन जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. म्हणजे १८४६ मध्ये ज्या हाताने 'प्रत्येक मुलाला शाळा' असं लिहिलं, त्याच हाताने वर्षभरात हे लिहिलं. गोऱ्या शेतकऱ्याचं मूल चार वाजता घरी जाणार, आणि या मुलांचं घर हीच अडचण ठरवली.

त्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की केंद्र सरकारचं निवासी शाळांचं जाळं उभं राहिलं १८८३ पासून, तेव्हा तो हयात नव्हता. हजेरीची सक्ती तर १९२० ची. हेही सांगतात की पीटर जोन्सलाही अशा कामाच्या शाळा हव्या होत्या, त्यासाठी तो ब्रिटनमध्ये वर्गणी गोळा करत हिंडला. हे सगळं खरं आहे. पण जोन्सला त्या शाळा आपल्या लोकांच्या हातात हव्या होत्या, आणि नेमकं तेवढंच झालं नाही. पुढे दीड लाखाहून अधिक मुलं या जाळ्यातून गेली, हजारो परत आली नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात कॅमलूप्स गावच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात सुमारे २१५ पुरलेल्या जागा असाव्यात अशी बातमी आली आणि दहा दिवसांत गूल्ड स्ट्रीटवरचा पुतळा खाली आला.

मी नातीचा हात धरून विटांवरची नावं बघत होते. आश्रमशाळेतल्या पहिल्या आठवड्यात मुलांचे केस कापायचं काम माझ्याकडे होतं. उवा होतात म्हणून, आणि होतच होत्या. वर्गात 'शुद्ध बोला' म्हणणारी मीच. सहा-सात वर्षांचा एक पोरगा रात्री व्हरांड्यात बसून आपल्या बोलीत तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा. मी त्याला आत नेऊन झोपवायची. काय म्हणतोस, असं एकदाही विचारलं नाही. ती शाळा आणि ही शाळा एक नव्हे, मला कळतं. त्या मुलांना सुटीत घरी जायला मिळे, आईबाप बाजाराच्या दिवशी भेटून जात, त्यातली काही आज माझ्यासारखीच निवृत्तीला टेकलेली शिक्षक आहेत. तरीही कात्रीचा आवाज आठवलाच.

संध्याकाळी सिम्कोच्या मोटेलात मुक्काम. लेकीने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कुणी फार बोललं नाही.

दिवस पाचवा, रविवार : व्हिटोरिया आणि लाँग पॉइंट

स्वच्छ ऊन. व्हिटोरिया हे चार रस्त्यांचं गाव. १८१५ ते १८२५ ते अख्ख्या जिल्ह्याचं ठाणं होतं, मग कोर्टाची इमारत जळाली आणि मोठेपण गेलं. याच्या जवळच्या शेतावर २४ मार्च १८०३ ला रायर्सन जन्मला. आजूबाजूला तंबाखूची शेतं, वाळवणाची जुनी लाकडी खोपटी, भोपळ्यांचे ढीग. शेतात राबणारी माणसं मेक्सिको आणि जमैकातून हंगामापुरती आलेली.

तिथून पुढे लाँग पॉइंट, एरी सरोवरात चाळीस किलोमीटर घुसलेली वाळूची जीभ. दक्षिणेकडे निघालेले पक्षी सरोवर ओलांडण्याआधी इथे थांबतात. रायर्सनचं इथल्या पाणथळीत एक बेट होतं. म्हातारपणी तो इथे येऊन बदकांची शिकार करायचा, होडी वल्हवायचा, लिहीत बसायचा. १८७६ मध्ये निवृत्त झाला, १८८० मध्ये अमेरिकेच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या राजनिष्ठ स्थलांतरितांचा दोन खंडी इतिहास छापला. बापाची बाजू मांडणाराच म्हणायचा तो. ज्या बापाने घर सोडायला लावलं त्याच्याच गावच्या पाण्यात म्हातारपणी होडी वल्हवणारा, वजनदार अंगाचा पाद्री डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. १८८२ च्या फेब्रुवारीत तो गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं की शेतकऱ्याच्या पोरांना बारा वर्षांपर्यंत सक्तीने शिकवा, आणि गावाकडून वसूल होणाऱ्या पैशातून गावाला शाळा द्या. दोघांना एकमेकांची नावंही ठाऊक नसणार.

बेट काही दिसलं नाही. दिसले ते डोक्याइतके उंच लव्हाळे आणि त्यातून अचानक उठणारी बदकं. नातीने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसपाशी सोडून दिली.

परतताना रस्त्याच्या कडेला सफरचंदांचं टेबल होतं. माणूस कुणी नाही, फक्त एक डबा, त्यात पैसे टाकायचे आणि पिशवी उचलायची. जावयाने पैसे टाकले. नातीने गाडी सुरू व्हायच्या आतच एक सफरचंद काढून दात रोवले. "अगं, आधी धू तरी," लेक म्हणाली.

"खाऊ दे," मी म्हटलं.